आकाशरेषेचे कर्तृत्व : अमेरिकन गगनचुंबी वास्तूंच्या समीक्षेतील एक प्रश्न

अमेरिकेतील गगनचुंबी इमारतींचा विचार वास्तुसमीक्षेत बहुधा एकेका इमारतीच्या निमित्ताने होत आला आहे. वेनराइट, वुलवर्थ, क्रायस्लर, सीग्रॅम अशी नावे घ्यावयाची, प्रत्येक नावापुढे एका वास्तुकाराचे नाव ठेवावयाचे आणि त्या दोहोंच्या संबंधातून कृतीचे मूल्य ठरवावयाचे, ही पद्धत चित्र आणि काव्य यांच्या समीक्षेतून येथे आलेली आहे. ती सोयीची आहे यात शंका नाही. परंतु न्यूयॉर्कच्या बंदरातून किंवा शिकागोच्या सरोवरकाठावरून शहराकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडते ती सुटी इमारत नव्हे. अनेक इमारतींच्या माथ्यांनी मिळून आकाशावर ओढलेली एक रेषा त्याला दिसते. या रेषेत संवाद आहे, विरोध आहे, क्वचित् समतोलही आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात लयीचे जे तीन प्रकार मराठी वाचकांच्या परिचयाचे केले, ते तिन्ही या दृश्यात दाखविता येतील. मात्र ही लय कोणी साधलेली नाही. तिच्यामागे एक संकल्प नाही, एक हात नाही. जिला कर्ता नाही अशा कृतीची समीक्षा कोणत्या निकषाने करावयाची, आणि कर्ता नाही असे म्हणून समीक्षकाने तिच्यातील दोषांची जबाबदारी कोणावरच ठेवावयाची नाही काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रीय राहात नाही. रस्त्यावर पडणाऱ्या उन्हाशी आणि सावलीशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

या विचाराचा आरंभ लुई सलिव्हन याच्या १८९६ च्या निबंधापासून करणे उचित होय. उंच कार्यालयीन इमारतीचा कलादृष्ट्या विचार करणारा हा छोटा निबंध एका मासिकात प्रसिद्ध झाला आणि पुढील पिढ्यांनी त्यातून एक सूत्र तेवढे उचलले : रूप हे कार्यातून निष्पन्न होते. सलिव्हनचे मूळ विवेचन या सूत्राहून अधिक सूक्ष्म आहे. तळमजल्यावर दुकाने, त्यावर एकसारख्या खोल्यांचे कितीही मजले आणि सर्वांत वर यंत्रसामग्रीचा माळा, अशी उपयोगाची तीन अंगे तो दाखवितो, आणि बाह्यरूपातही ती तीन अंगे उमटावीत असे प्रतिपादितो. येथपर्यंत त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. त्यानंतर मात्र तो एक पाऊल पुढे टाकतो. उंच इमारत उंच *वाटली* पाहिजे, उत्तुंगता हाच तिचा स्थायी भाव आहे, असा त्याचा आग्रह आहे. हे दुसरे विधान पहिल्यातून निघत नाही. कार्यालयाच्या खोलीला आपण विसाव्या मजल्यावर आहोत की दुसऱ्या, याचे सोयरसुतक नसते. उत्तुंगतेचा भाव पाहणाऱ्याला हवा असतो, किंवा कलावंताला.

सलिव्हनच्या स्वतःच्या वास्तूनेच ही फट उघडी केली आहे. सेंट लुईस येथील दहा मजली वेनराइट इमारत (१८९१) त्याने अॅडलर याच्या भागीदारीत बांधली. तिच्या दर्शनी भागावर विटांचे अरुंद स्तंभ खालपासून वरपर्यंत अखंड चढत जातात, आणि त्यांच्या ओळीमुळेच ती मर्यादित उंचीची इमारत डौलाने उभी राहिल्यासारखी दिसते. या स्तंभांपैकी एकाआड एक स्तंभाच्या पोटातच पोलादी खांब आहे. उरलेले निम्मे स्तंभ कसलाच भार पेलत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला खरा कोणता आणि खोटा कोणता हे कळण्याचा मार्ग नाही. ज्याने रूप कार्यातून येते असे सांगितले, त्याने अर्धे स्तंभ केवळ लयीसाठी उभे केले! यावरून सलिव्हनला दांभिक ठरविण्याचे कारण नाही. कवीने वृत्तासाठी एखादे अक्षर दीर्घ करावे तसा हा प्रकार आहे. त्याचा सिद्धांत मात्र यामुळे दुबळा ठरतो, आणि तो सिद्धांतच पुढे शंभर वर्षे पाठ केला गेला, हे विसरता येत नाही.

पोलादी सांगाड्याने नेमके काय घडविले, हे पाहावयाचे असेल तर शिकागोची मोनॅड्नॉक इमारत अधिक बोधप्रद ठरते. तिचा उत्तरेकडील अर्धा भाग १८९१ साली बर्नहॅम आणि रूट यांनी बांधला. सोळा मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवरच असल्यामुळे तळाशी त्या भिंती सुमारे सहा फूट जाड आहेत. दक्षिणेकडील अर्धा भाग दोनच वर्षांनी दुसऱ्या वास्तुकारांनी पोलादी सांगाड्यावर उभा केला. एकाच रस्त्यावर, एकाच नावाखाली, दोन युगे पाठीला पाठ लावून उभी आहेत. जाड भिंत म्हणजे भाड्याने न देता येणारी जागा. सांगाड्याने ती जागा मोकळी केली. विल्यम ल बॅरन जेनी याने १८८५ मध्ये होम इन्शुअरन्स इमारतीत ज्या तंत्राचा अवलंब केला, त्याचा वेगाने प्रसार होण्यामागे कलेहून ही गोष्ट अधिक कारणीभूत होती. (ती इमारत १९३१ साली पाडण्यात आली, आणि पहिली गगनचुंबी इमारत तीच काय, हा वाद तिच्यामागे शिल्लक राहिला.)

कॅरल विलिस या विदुषीने १९९५ च्या आपल्या ग्रंथात सलिव्हनच्या सूत्रावर शब्दच्छल करून रूप हे अर्थव्यवहारातून येते असे मांडले. तिच्या मांडणीचा गाभा प्रकाशाचा आहे. विजेचे दिवे मंद आणि उष्ण होते तोवर कार्यालयाच्या खोलीला खिडकीतला उजेड हाच खरा उजेड होता, आणि खिडकीपासून पंचवीस-तीस फुटांच्या पलीकडची जागा चांगल्या भाड्याची नव्हती. शिकागोमध्ये १८९३ साली इमारतींची उंची १३० फुटांवर रोखण्यात आली. तेव्हा मालकांनी पूर्ण भूखंड व्यापून मध्यभागी उजेडासाठी चौक ठेवला. आपल्याकडील चौसोपी वाड्याच्या चौकाचेच हे कार्यालयीन रूप म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये अशी मर्यादा नव्हती, म्हणून तेथे मनोरे उठले. दोन शहरांच्या आकाशरेषांतील भेद हा दोन प्रतिभांचा भेद नसून दोन नियमावल्यांचा भेद आहे, ही विलिसची स्थापना मान्य करावी लागते. तथापि ती मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते. नियम आणि भाडे यांनी चौकट दिली, परंतु चौकटीच्या आत उत्तम आणि सामान्य असा भेद राहिलाच. त्याचे स्पष्टीकरण अर्थशास्त्राजवळ नाही.

नियमाचे कर्तृत्व सर्वांत ठळकपणे दिसते ते १९१६ च्या न्यूयॉर्कच्या कायद्यात. या कायद्याची जन्मकथा सामान्यतः अशी सांगितली जाते : १९१५ साली ब्रॉडवेवर इक्विटेबल इमारत उभी राहिली. एक एकराहून कमी भूखंडावर सुमारे बारा लक्ष चौरस फुटांचे मजले, म्हणजे भूखंडाच्या तीसपट क्षेत्र, कोठेही मागे न सरता सरळ आकाशात चढविण्यात आले. भोवतालच्या इमारती अंधारात गेल्या, नागरिक जागे झाले आणि कायदा झाला. ही कथा खोटी नाही, अपुरी आहे. इमारतींच्या उंचीचा विचार करणारी समिती १९१३ सालीच कामाला लागली होती. शिवाय त्या कायद्यामागे फिफ्थ ॲव्हेन्यूवरील प्रतिष्ठित दुकानदारांची चळवळही होती, आणि त्यांची तक्रार सावलीपेक्षा माणसांविषयी अधिक होती. कपडे शिवण्याचे कारखाने त्या भागातील उंच इमारतींत शिरले होते. दुपारच्या सुट्टीत तेथील स्थलांतरित कामगार रस्त्यावर येत, आणि श्रीमंत गिऱ्हाइके त्यामुळे बिचकतात असे दुकानदारांना वाटे. प्रकाश आणि हवा यांच्या नावाने झालेल्या नियमाच्या पोटात हाही हेतू होता. समीक्षकाने इमारतींचे सौंदर्य वर्णिताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

कायद्याचे स्वरूप भूमितीचे होते. रस्त्याच्या रुंदीच्या ठराविक पटीत इमारत सरळ चढवावी, त्यापुढे एका तिरप्या काल्पनिक प्रतलाच्या आत राहण्यासाठी टप्प्याटप्प्याने मागे सरावे, आणि भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र हवे तितके उंच जावे. हा एवढाच मजकूर. परंतु मॅनहॅटनच्या दोन पिढ्यांच्या इमारतींना घाटाच्या पायऱ्यांसारखा जो आकार आला, तो यातून आला. १९२२ साली ह्यू फेरिस या चित्रकाराने हार्वी विली कॉर्बेट या वास्तुकाराबरोबर एक प्रयोग केला. कायदा कमाल किती आकारमानाला परवानगी देतो, ते त्याने कोळशाने एका अजस्र, निर्जीव डोंगरासारखे रेखाटले. मग चार अवस्थांत त्या डोंगरातून उजेडासाठी, पोलादासाठी, वापरासाठी तुकडे कापीत राहण्याजोगी इमारत काढून दाखविली. फेरिसने स्वतः उल्लेखनीय असे काही बांधले नाही. तरीही आकाशरेषेचा कर्ता कोण याचे उत्तर सर्वांआधी त्याच्या चित्रांनी दिले, असे म्हणावयास हरकत नाही. पहिला आकार कायदा देतो, आणि वास्तुकार त्याच्यात खोदकाम करतो. लेण्यांच्या शिल्पकारालाही कडा दिलेलाच असतो; फरक इतकाच की येथील कडा माणसांनी मतदानाने घडविलेला आहे.

या चौकटीत एम्पायर स्टेट इमारत (१९३१) क्रायस्लरहून श्रेष्ठ ठरते, हे मत रसिकांना सहसा रुचत नाही. क्रायस्लर इमारतीचा लखलखता माथा आणि इमारतीच्या आतच गुपचूप जोडून अखेरीस बाहेर काढलेला तिचा सुळका, यांची मोहिनी मोठी आहे. ती मोहिनी माथ्याची आहे. धड मात्र सामान्य आहे. एम्पायर स्टेटमध्ये खिडकीपासून आतल्या मार्गिकेपर्यंत २८ फुटांहून अधिक अंतर नसावे, ही मुख्य अट होती. वर जाताना लिफ्टचे एकेक गट संपत जातात, त्यांनी अडविलेली जागा मोकळी होते आणि त्याच प्रमाणात इमारत आत सरते. कायद्याचे टप्पे, लिफ्टची संख्या आणि उजेडाची खोली या तीन निरनिराळ्या हिशेबांचे उत्तर येथे एकाच आकारात मिळाले आहे. श्रीव्ह, लॅम्ब आणि हार्मन यांची नावे सामान्य वाचकाला ठाऊक नसतात, हेही त्या यशाचेच लक्षण मानावे लागेल. अर्थात् मंदीच्या काळात ती इमारत बरीचशी रिकामी होती आणि लोक तिच्या नावावर कोटी करून तिला रिकामी म्हणत. तेव्हा रूप अर्थव्यवहारातून येते हे खरे असले, तरी हिशेब चुकूनही रूप चांगले साधू शकते.

यानंतरचा अध्याय सीग्रॅम इमारतीचा, आणि तो येथे थोडा विस्ताराने पाहणे अवश्य आहे. मीस फान डेर रोह याने फिलिप जॉन्सनच्या साहाय्याने बांधलेली ही ३८ मजली इमारत १९५८ मध्ये पूर्ण झाली. पार्क ॲव्हेन्यूपासून सुमारे ९० फूट आत सरून ती उभी आहे, आणि पुढे दगडी फरसबंदीचे मोकळे अंगण आहे. मनोरा भूखंडाच्या चतुर्थांशावर मावला, म्हणून जुन्या कायद्यानुसारच तो एकही टप्पा न घेता सरळ चढू शकला. मीसची ख्याती सत्यनिष्ठ रचनाकाराची. परंतु त्याच्या काचेच्या भिंतीवर बाहेरून बसविलेल्या काशाच्या उभ्या पट्ट्या कोणताही भार पेलत नाहीत. आगीच्या भयास्तव खरे पोलादी खांब काँक्रीटमध्ये गाडावे लागले, तेव्हा दिसेनाशा झालेल्या सांगाड्याची आठवण म्हणून ह्या पट्ट्या लावण्यात आल्या. वेनराइटच्या खोट्या स्तंभांना साठ-पासष्ट वर्षांनी भेटलेला हा सोबती होय. दोन्ही ठिकाणी कलावंताने सिद्धांत मोडला आणि दोन्ही ठिकाणी कृती त्यामुळेच तरली.

सीग्रॅमचे दुर्दैव तिच्या अनुकरणात आहे. १९६१ साली न्यूयॉर्कने नवा कायदा केला. त्यात मजल्यांचे एकूण क्षेत्र भूखंडाच्या प्रमाणात बांधण्यात आले. महाराष्ट्रात १९६४ च्या मुंबईच्या विकास आराखड्यापासून ज्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात, तीच ही कल्पना. सर्वांत दाट विभागात हे प्रमाण १५ ठरले; पण मालकाने लोकांसाठी मोकळे अंगण ठेवल्यास दर चौरस फूट अंगणामागे दहा चौरस फूट जादा मजला मिळावा आणि प्रमाण १८ पर्यंत जावे, अशी सवलतही ठेवण्यात आली. मीसने जे औचित्यबुद्धीने सोडले, ते आता मोलभावाने सोडले जाऊ लागले. परिणाम काय झाला? पुढील दशकात रस्त्यामागून रस्त्यांवर बोडकी, वाऱ्याने झोडपलेली, बसावयास एक कट्टाही नसलेली अंगणे तयार झाली, आणि रस्त्याची सलग भिंत दातांत फटी पडाव्या तशी तुटली. विल्यम व्हाइट याने सत्तरीच्या दशकात छायाचित्रण यंत्रे लावून या अंगणांतील माणसांची हालचाल टिपली. लोक जेथे बसावयास जागा असते तेथे बसतात, हा त्याचा निष्कर्ष हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे. तो काढण्यासाठी संशोधन करावे लागले, यातच त्या कायद्याचा पराभव दिसतो. १९७५ मध्ये नियम सुधारले गेले. तरीही २००० साली जेरोल्ड केडन याने नगरसंस्थांच्या सहकार्याने पाचशेहून अधिक अशा जागांची नोंद केली, तेव्हा त्यांतील सुमारे चाळीस टक्के जागा लोकांच्या विशेष उपयोगाच्या नव्हत्या असे आढळले. सीग्रॅमचे अंगण चांगले होते, कारण समोर जुन्या दगडी इमारतींची सलग ओळ होती आणि त्या ओळीत ते एकटेच होते. एकमेव असणे हा ज्या कृतीचा गुण, तिचा नियम केला की तो गुणच नाहीसा होतो. मराठी साहित्यात एखाद्या नवकवीच्या मागून आलेली अनुकरणाची लाट ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही.

रचना आणि रूप यांचा प्रामाणिक मेळ पाहावयाचा तर पुन्हा शिकागोकडे वळावे लागते. ढाक्यास १९२९ मध्ये जन्मलेला, शिवपूरच्या बंगाल इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेला फझलूर रहमान खान हा अभियंता १९५२ साली इलिनॉयला गेला. फार उंच इमारतीचा खरा शत्रू तिचे वजन नसून वारा असतो, हे ओळखून त्याने सारा प्रतिकार आतील खांबांच्या जाळ्यातून काढून बाहेरील कवचाकडे दिला. इमारत म्हणजे जमिनीत रोवलेली एक पोकळ नळी. हॅन्कॉक सेंटरच्या (१९६९) शंभर मजल्यांवर बाहेरून दिसणाऱ्या प्रचंड तिरप्या तुळया हे त्याचे उघड प्रमाण आहे. तेथे दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो पोलाद लागले. एम्पायर स्टेटला सुमारे २०६ किलो लागले होते. ज्या इमारतीत रूप खरोखर कार्यातून आले, तिचा विचार वास्तुकार ब्रूस ग्रॅहम याच्याबरोबर एका अभियंत्याने केला, ही गोष्ट सलिव्हनच्या शिष्यांना विचार करावयास लावणारी आहे.

जागतिक व्यापार केंद्राच्या जोडमनोऱ्यांविषयी समीक्षकांचे मत १९७३ साली ते खुले झाले तेव्हा फारसे अनुकूल नव्हते. ११ सप्टेंबर २००१ नंतर त्याच रेषेतील रिकामेपण असह्य झाले. रूपाचे मूल्यमापन जसेच्या तसे ठेवूनही त्यांच्या अभावाचे दुःख खरे होते, हे मान्य केले पाहिजे. आकाशरेषेचे मूल्य काही अंशी सवयीचे असते. त्या जागी २०१४ मध्ये खुल्या झालेल्या मनोऱ्याची उंची १७७६ फूट ठरविण्यात आली. स्वातंत्र्याच्या सनावळीचा हा आकडा गाठण्यासाठी माथ्यावरील दांड्याचीही मोजणी करावी लागली. आकडा वाचता येतो, दिसत नाही. त्यामुळे हे प्रतीक आकाशात कमी आणि माहितीपत्रकात अधिक वसते.

फिलाडेल्फियामध्ये कायद्याऐवजी केवळ संकेत होता. नगरभवनाच्या शिखरावर, ५४८ फुटांवर, विल्यम पेनचा पुतळा आहे; त्याच्या टोपीपेक्षा कोणी उंच बांधू नये, असा अलिखित दंडक १९८७ पर्यंत पाळला गेला. त्या वर्षी वन लिबर्टी प्लेस ९४५ फुटांवर गेली. त्यानंतर नगरातील संघांना मोठ्या स्पर्धा जिंकता येईनात, तेव्हा पेनचा शाप लागला असे लोक म्हणू लागले, आणि २००७ मध्ये नव्या सर्वोच्च इमारतीच्या शेवटच्या तुळईवर कामगारांनी पेनची लहानशी मूर्ती बसविली. पुढच्याच वर्षी बेसबॉलच्या संघाने अजिंक्यपद मिळविले! थट्टेचा भाग सोडला, तर आकाशरेषेला कर्ता असावा, तिची मर्यादा कोणी तरी राखावी, ही लोकांची भावनाच या कथेतून बोलते. वॉशिंग्टनने १९१० च्या कायद्याने ती मर्यादा आजवर राखली आहे. सान फ्रान्सिस्कोने १९८४ मध्ये लोकमताने ठरविले की, चाळीस फुटांहून उंच नव्या इमारतीने सार्वजनिक उद्यानांवर हानिकारक सावली टाकू नये. तेथे प्रथमच इमारतीच्या आकारापेक्षा तिच्या सावलीचा विचार कायद्याने केला.

न्यूयॉर्कमध्ये अशी तरतूद नाही, आणि सेंट्रल पार्कच्या दक्षिणेस त्याचे फळ दिसते. तेथे २०१५ साली पूर्ण झालेला ४३२ पार्क ॲव्हेन्यू १३९६ फूट उंच आहे. १११ वेस्ट ५७ वा रस्ता या मनोऱ्याची रुंदी उंचीच्या चोविसाव्या हिश्शाइतकीच आहे. सेंट्रल पार्क टॉवर ४७२ मीटरांवर पोहोचला आहे. ही अतिश्रीमंतांची निवासस्थाने होत. शेजारच्या बुटक्या इमारतींचे न वापरलेले बांधकामहक्क विकत घेऊन, ते एकाच काठीवर रचून ही उंची मिळविण्यात आली. यंत्रसामग्रीचे मजले क्षेत्रात मोजले जात नसत, म्हणून काहींनी असे उंच पोकळ मजले मध्ये घालून वरची घरे आणखी वर उचलली. ही पळवाट २०१९ मध्ये बरीचशी बुजविण्यात आली. न्यूयॉर्कच्या एका नागरी कलासंस्थेने २०१३ च्या अहवालात या दृश्याला अपघाती आकाशरेषा म्हटले. तो शब्द समीक्षेने जपून स्वीकारला पाहिजे. हक्कांचे खरेदीखत, मजल्यांची गणना, यंत्रमजल्यांची सूट, यांतील प्रत्येक पाऊल कोणी तरी हेतुपूर्वक टाकले आहे. कर्ते अनेक आहेत म्हणजे कर्ता नाही असे होत नाही. आणि वकिलांच्या कचेरीत निश्चित झालेला आकार अपघात म्हणून खपविला, तर उद्यानात बसणाऱ्याने आपल्या हरवलेल्या उन्हाची दाद कोणाकडे मागावी? येथे वास्तुकारांचेही कौशल्य आहे. ४३२ पार्क ॲव्हेन्यूची चौरस खिडक्यांची जाळी तिच्या निश्चलतेमुळे मनात राहते. पण फेरिसच्या डोंगराप्रमाणे जिच्यातून उजेडासाठी काही कापले गेले आहे, अशी ही रेषा नाही.

२०२० च्या साथीनंतर कार्यालये ओस पडली आणि त्यांची घरे करण्याचा उद्योग अमेरिकन शहरांत वाढला. त्यात एक जुनी गोष्ट पुन्हा पुढे आली. खिडकीपासून २८ फुटांच्या हिशेबाने बांधलेल्या दोन महायुद्धांमधील इमारतींची घरे सहज होतात. नळीदिवे आणि वातानुकूलन आल्यावर बांधलेल्या खोल, रुंद मजल्यांची होत नाहीत, कारण झोपण्याच्या खोलीला खिडकी लागते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला २५ वॉटर स्ट्रीट येथे १९६९ च्या सुमाराची, चिरेसारख्या अरुंद खिडक्यांची विटांची एक अवजड इमारत होती. तिची तेराशेच्या आसपास घरे करताना छपरापासून खाली मजले कापून तिच्या पोटात दोन चौक खोदण्यात आले, आणि कापलेले क्षेत्र वर नवे मजले चढवून भरून काढण्यात आले. शिकागोच्या वास्तुकारांनी १८९० च्या सुमारास जो चौक आरंभीच सोडला होता, तो येथे पन्नासहून अधिक वर्षांनी करवतीने काढावा लागला.